पांढरी पाचच्या जरा वर

२०२३च्या गणपतीत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाड्यात आमचा भावगीतांचा कार्यक्रम होता. पेटीवर नाना, म्हणजे माझे चुलतसासरे, तबल्यावर त्यांचा नातू, गायला माझी धाकटी जाऊ आणि गिटारवर मी. साउंडवाल्यानं माझा चॅनल उघडला आणि मांडवभर 'घूंऽ' असा एक जाड, सलग आवाज भरला. मी अजून तारेला बोटही लावलं नव्हतं.

"बेन, आ तो हम आवे छे," साउंडवाला म्हणाला (हम म्हणजे विजेची गुणगुण) आणि डोक्यावरच्या दिव्यांच्या माळांकडे त्यानं बोट दाखवलं.

नानांनी डोळे मिटले, भाता हलवला आणि खालच्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, दाबली. मग तिच्या शेजारची काळी चार. पुन्हा पांढरी पाच. "अगं, हा दोन्हींच्या मधे आहे. पांढरी पाचच्या जरा वर." नाना सूरसागरच्या काठावरच्या म्युझिक कॉलेजात शिकलेले. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, गायनशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था. नानांचा कान तिथे तयार झालेला आहे आणि तो कधी चुकत नाही. रात्री घरी येऊन मी हिशोब मांडला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. दिव्यांतून, ते मंद करायच्या डिमरमधून येणाऱ्या गुणगुणीत तिची दुप्पट, म्हणजे १००, फार ठळक असते. पांढरी पाच त्या सप्तकात ९८ला आणि काळी चार १०४च्या आसपास. नाना तंतोतंत बरोबर होते.

जाऊबाई गाते काळी चारमध्ये. तिच्या षड्जाला खेटून, त्याच्याशी भांडणारा एक सूर दोन तास चालू राहिला असता. मी खुर्चीवर बसल्या बसल्या गिटार जरा फिरवली तर आवाज कमी झाला, आणखी फिरवली तर जवळजवळ गेला, त्याहून पुढे नेली की परत वाढला. म्हणून मग त्या एका कोनात, जाऊबाईकडे अर्धी पाठ करून, मी अख्खा कार्यक्रम वाजवला. तिचा चेहरा दिसत नव्हता, ती कुठे श्वास घेते ते कळत नव्हतं. भावगीताच्या साथीत गायकाचा श्वास दिसला नाही तर अंतऱ्यावर येताना आपला हात हमखास उशिरा पडतो. तसा तो त्या दिवशी दोनदा पडला. मला फार वाईट वाटलं.

पिकअप, म्हणजे गिटारचा आवाज विजेच्या रूपात अँपकडे पाठवणारा तुकडा, मी आठवडाभर आधीच विकत घेतला होता. बाराशे रुपयांचा, एका कॉइलचा (कॉइल म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार), साउंडहोलमध्ये, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल भोकात अडकवायचा. दुकानात छोट्या अँपवर तो स्वच्छ वाजला होता. पण दुकानात केबल होती हातभर लांब, डोक्यावर दिव्यांच्या माळा नव्हत्या आणि शेजारी तबलाही नव्हता. कोणी मला फसवलं नाही. जिथे वाजवायचं तिथे तो ऐकूनच बघितला नव्हता, आणि पुढचं वर्षभर मी जे काही केलं ते ही एकच गोष्ट धरून केलं.

साउंडहोलचाच पिकअप का, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. सगळ्यात खरा आवाज माइकचाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तबला दोन हातांवर असला की माइकमध्ये गिटारपेक्षा तबलाच जास्त येतो, आणि साउंडवाल्यानं आवाज चढवला की शिट्टी वाजते. ब्रिजवर तारा ज्यावर टेकतात त्या सॅडलखाली बसवायची पिझोची पट्टी (पिझो म्हणजे दाब पडला की वीज देणारा पदार्थ) शिट्टीला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण तिच्यासाठी सॅडल काढून तासावं लागतं, ब्रिजला भोक पाडावं लागतं, आणि हात जोरात पडला की तिचा आवाज कोरडा, चपटा होतो. ब्रिजच्या खाली आतून चिकटवायच्या पिझोच्या चकत्या घरात गोड वाजतात. मंचावर मात्र त्या गिटारच्या पेटीचं प्रत्येक थरथरणं उचलतात, शेजारच्या डग्ग्यानं होणारं थरथरणंसुद्धा. चुंबकाचा पिकअप मुख्यतः तारच ऐकतो. जे गाणं गातंय त्याच्या खाली गिटारचे सूर स्पष्ट, वेगळे उमटावेत, एवढंच माझं काम. लाकडाचा सगळा दरवळ त्यात येणार नाही हे मी मान्य केलं. अमेरिकेत हॅरी डीआर्मंड यांनी १९३०च्या दशकात साध्या गिटारला वरून लावायचे चुंबकाचे पिकअप विकायला सुरुवात केली तेव्हा प्रश्न हाच होता: बाकीच्या वाद्यांमध्ये गिटार ऐकू कशी यावी.

घूं घालवायचा उपायही जुनाच आहे. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन कॉइलच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, तोच हा हंबकर. दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडायच्या आणि त्यांची चुंबकंही उलटसुलट ठेवायची. दिव्यांची घूं दोन्हींत सारखीच शिरते, म्हणून उलट जोडणीत ती आपसात कटते. तारेचा आवाज मात्र चुंबक उलट असल्यामुळे दोन्हींकडून एका दिशेनं येतो आणि त्याची बेरीज होते. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. म्हणजे पहिली अट ठरली: दोन कॉइल हव्यातच.

दुसरी अडचण तारांची होती. त्या बाराशेच्या पिकअपमध्ये दुसरी तार ओरडायची. बाकी सगळ्या नीट बोलत असताना 'बी'ची तार अशी अंगावर यायची की स्वरसंगती वाजवली तरी तीच ऐकू यावी. मला वाटलं माझ्या बोटांची चूक. एका रविवारी जुन्या, उतरवलेल्या तारा घेऊन बसले. तिसऱ्या तारेचं वरचं वेटोळं पक्कडीनं पकडून सोडवत गेले. पितळी रंगाची बारीक तार स्प्रिंगसारखी उलगडत हातात आली आणि आतून केसासारखी पोलादाची तार उघडी पडली. फ्रिजवरचं चुंबक आणून दोन्हींवर धरलं. पोलादाची तार टपकन चिकटली. वेटोळ्याचा पुंजका मात्र चुंबकाखाली तसाच पडून राहिला, हलला नाही.

सगळं कोडं त्या पुंजक्यात होतं. ज्यांना आपण ब्राँझच्या तारा म्हणतो त्यांच्या वेटोळ्यात ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त असतं, म्हणजे खरं तर ते पितळच. फॉस्फर ब्राँझमध्ये साधारण ९२ टक्के तांबं, बाकी कथील आणि किंचित फॉस्फरस. यातलं काहीही चुंबकाला कळत नाही. चुंबकाला फक्त आतलं पोलाद दिसतं. पहिली आणि दुसरी तार नुसत्या पोलादाच्या, वेटोळं नसलेल्या. त्यातली दुसरी जास्त जाड. तिसरी तार दिसायला तिच्याहून जाड, पण तिच्यातलं पोलाद बारीक. म्हणून चुंबकाच्या कानाला दुसरी तार सगळ्यांत मोठी. चांगल्या पिकअपमध्ये दुसऱ्या तारेखालचं चुंबक मुद्दाम कमी ताकदीचं ठेवतात किंवा खाली ढकलतात, काहींत प्रत्येक तारेखाली स्क्रू असतो तो आपण वरखाली करायचा. माझ्यात यातलं काहीच नव्हतं. म्हणून दुसरी अट: अशा तारांसाठीच बनवलेला पिकअप हवा. इलेक्ट्रिक गिटारची कॉइल नुसती साउंडहोलच्या मापात बसवून भागत नाही. (नायलॉनच्या तारांची गिटार असेल तर हा सगळा विचारच सोडून द्यावा, त्या तीन पारदर्शक तारांत चुंबकाला सापडेल असं काहीच नाही.)

तिसरी अट मला साउंडवाल्यानं शिकवली. तो आमच्या मांडवात दरवर्षी येतो, म्हणून मी एकदा मुद्दाम त्याच्या गोदामात जाऊन बसले. माझा पिकअप त्यानं आधी छोट्या केबलनं अँपला लावला, मग चाळीस फुटांच्या केबलनं थेट मिक्सरला. दुसऱ्या वेळी आवाजावर कोणी गोधडी टाकावी तसा तो झाला. बिनबॅटरीच्या पिकअपचा विरोध जास्त, त्यामुळे लांब केबल त्याचे वरचे सूर खाऊन टाकते, आणि मिक्सरची इनपुट कमी विरोधाची असेल तर उरलेलाही जीव जातो. मधे डीआय बॉक्स, म्हणजे पिकअपचा आवाज मिक्सरला झेपेल असा करून देणारी डबी ठेवली, एक मेगाओम इनपुटची, तर आवाज परत आला. "बेन, कां तो आ साथे राखो, कां तो बॅटरीवाळुं लो." मी बॅटरीवाला घ्यायचं ठरवलं, कारण प्रत्येक मांडवात चांगला डीआय असेलच असं नाही आणि आमचे निम्मे कार्यक्रम सोसायट्यांच्या पटांगणात होतात.

यानंतर शोध सोपा झाला असं म्हणता येणार नाही, कारण आता ज्या वस्तू समोर येत होत्या त्या माझ्या गिटारपेक्षा महाग होत्या. ही गिटार बाबांनी मला बारावी झाल्यावर घेऊन दिलेली. तिच्यात तिच्याहून महाग वस्तू बसवायची का, यावर घरी बरीच चर्चा झाली. ह्यांचं म्हणणं, मग नवीन गिटारच घे, पिकअप बसवलेली. मला ते पटलं नाही. आवाज माझ्या हाताला ओळखीचा आहे तो याच गिटारचा, आणि साउंडहोलचा पिकअप उद्या काढून दुसऱ्या गिटारला लावता येतो.

मार्चमध्ये मुंबईहून भाचा लग्नाला आला तेव्हा त्याचा पिकअप मी दोन दिवस मागून घेतला. त्या जातीत पिकअप तारांबरोबर गिटारच्या पेटीची थरथरही थोडी उचलतो. गिटारच्या अंगावर बोटानं टकटक केलं तरी ऐकू येतं. रात्री एकटी वाजवत बसले तर उठावंसं वाटेना, इतका भरलेला आवाज. एकट्यानं वाजवणाऱ्यानं तसाच घ्यावा, मी आजही सांगेन. पण दुसऱ्या दिवशी नानांकडे तालमीला नेला, मॉनिटर चालू केला आणि नातवानं डग्ग्यावर पहिला 'घे' टाकला की माझ्या स्पीकरमधूनही बारीकसा हुंकार यायला लागला. साउंडहोल असलेल्या पेटीतली हवा स्वतःच शंभर आवर्तनांच्या आसपास घुमते, डग्ग्याचं घुमणंही त्याच घरातलं. भाच्याला पिकअप परत दिला.

फत्तेगंजमधल्या एका चर्चच्या वाद्यवृंदात वाजवणारा मुलगा त्याचा फिशमनचा 'रेअर अर्थ' हंबकर विकतोय, असं मे महिन्यात कळलं. नावातलं 'रेअर अर्थ' म्हणजे दुर्मिळ मृदा धातू. त्यातल्या निओडिमियमचं चुंबक इवलंसं असलं तरी जोरदार असतं, त्यामुळे पिकअप बारीक आणि हलका राहतो. आत स्वतःचं छोटं सर्किट, त्याला घड्याळाच्या दुकानात मिळणारे दोन बटन सेल. मुलगा मोठ्या मनाचा. म्हणाला, "आंटी, तीन दिवस घेऊन जा, वाजवा, मग सांगा."

नेण्याआधी त्याच्यासमोरच मापं घेतली. साउंडहोलचा व्यास बरोबर १०० मिलिमीटर, म्हणजे नेहमीचा. कडेच्या आतून बोट फिरवून पाहिलं, कारण काही गिटारींत तिथे लाकडाची पट्टी इतकी जवळ असते की पिकअपचा चिमटा बसतच नाही. माझ्यात जागा होती. मग शेवटच्या पडद्यावर तार दाबून तार आणि पिकअप यांच्यात अंतर किती उरतं ते पाहिलं. अडीच मिलिमीटर. फार जवळ गेलं तर चुंबक तारेलाच ओढायला लागतं, सूर डगमगतो, आणि जोरात हात पडला की तार पिकअपवर आपटते. हे सगळं पाच मिनिटांचं काम, पण पहिल्या वेळी मी ते केलं नव्हतं.

तीन दिवसांतला एक मी नानांकडे घालवला आणि एक साउंडवाल्याच्या गोदामात. तिथे त्याला मुद्दाम डिमर लावायला सांगितला. माळा पेटल्या, चाळीस फुटांची केबल जोडली, चॅनल उघडला. काहीच नाही. मी गिटार चारी दिशांना फिरवून पाहिली, तरी काहीच नाही. दुसरी तार वाजवली, मग तिसरी, मग सगळ्या मिळून. दुसरी आता रांगेत उभी होती. आवाजात थोडी वर होती, म्हणून त्या बाजूनं चिमट्याखाली बुचाचा पातळ तुकडा घालून पिकअप किंचित तिरपा केला, तेवढ्यानं भागलं. खर्जाच्या तारा थोड्या इलेक्ट्रिक गिटारकडे झुकल्यासारख्या वाटतात हे खरं. साउंडवाल्यानं मिक्सरवर मधल्या सुरांचा भाग जरा उतरवला आणि वरच्यांचा जरा चढवला, की ते बरंचसं मिटतं.

जॅकचं काम मी महिनाभर टाळलं. केबल साउंडहोलमधूनच बाहेर काढून पट्ट्याला बांधली तरी चालतं, आणि मी तशीच वाजवत होते. पण हाताला ती सारखी लागे. शेवटी जुलैत रावपुऱ्यातल्या, सतारी-तंबोरे दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेले. पट्टा अडकवायच्या बटणाचं जे भोक असतं तेच मोठं करून तिथे जॅक बसवायचा, साडेबारा मिलिमीटरच्या जरा वर. मी विचारलं, ड्रिल मशीन लावणार का? त्यांनी मान हलवली. "मशीन से पॉलिश उखड़ता है, बेटा."

बटण काढून त्यांनी भोकाभोवती कागदी चिकटपट्टी लावली आणि एक निमुळतं, धारेचं हत्यार आत घालून हातानं फिरवायला सुरुवात केली. दोन फेरे, मग थांबून फुंकर. भुसा पडे तो आधी काळपट, मग पिवळा, आणि त्याला एक गोडसर वास होता, बाबांनी गिटार पहिल्यांदा खोक्यातून काढली तेव्हाचा. मला वाटलं नव्हतं की तो आत अजून असेल. चाचा दर चार-सहा फेऱ्यांनी जॅक लावून बघत. तो अंगासरशी बसला तेव्हा त्यांनी साउंडहोलमधून एक पातळ काडी घालून जॅक आतून बाहेर ओढून घेतला, वायसर, नट, आणि शेवटी बटणाची टोपी. अर्धा तास लागला. चिकटपट्टी काढली तर कडेला एक चराही नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. आमच्या खालच्या मजल्यात कमरेएवढं पाणी होतं. गिटार माळ्यावर होती म्हणून वाचली, पण आठवडाभर वीज नाही, खिडक्या बंद, सगळ्या घराला ओल. पाणी ओसरून नीट झाडलोट होते न होते तोच ७ सप्टेंबरला गणपती. तालमीला बसले तर गिटारचा आवाज निम्मा. सेल बदलले, फरक नाही. जॅक पाहिला, ठीक. मग शेवटच्या पडद्यावर तार दाबून अंतर पाहिलं: चार मिलिमीटर. ओलीनं पेटीचं वरचं लाकूड फुगलं होतं आणि ब्रिजसकट तारा वर गेल्या होत्या. चिमटा सैल करून पिकअप मी तात्पुरता उचलून घेतला. खरं औषध म्हणजे गिटार सुकणं, आणि त्याला वेळ लागतो. ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या तेवढ्या खोक्यात टाकून ठेवल्या.

वाडा तोच, माळा त्याच, कदाचित दोन जास्त. भिंतीवर पुराची ओली रेघ अजून दिसत होती. साउंडवाल्यानं माझा चॅनल उघडला आणि आपण उघडला की नाही हे पाहायला त्याला परत खाली वाकावं लागलं. मी या वेळी जाऊबाईच्या समोर तोंड करून बसले होते. तिनं पाणी प्यायलं, पदर सावरला.

"जरा खर्जात वाजव," नाना म्हणाले.

सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवून मी एकच सूर सोडला. तो मांडवाच्या मागच्या खांबापर्यंत गेला. नानांनी पेटीवर तीच पट्टी दाबली आणि दोन्ही सूर विरेपर्यंत बोट उचललं नाही.

"पांढरी पाच," ते म्हणाले. "आता बरोबर."

मग त्यांनी जाऊबाईला काळी चारचा षड्ज दिला आणि नातवानं तबल्याचा हातोडा खाली ठेवला.